क्षयाच्या खात्यावर लिहिलेली बुरशी

15 मे 2021 रोजी हरियाणा सरकारने काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, हा अधिसूचित रोग असल्याचं जाहीर केलं. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही डॉक्टरकडे असा रुग्ण आला तर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं सक्तीचं झालं. पाच दिवसांनी केंद्राने सगळ्याच राज्यांना 1897 च्या साथरोग कायद्याखाली हेच करायला सांगितलं. अँफोटेरिसिन-बी या त्यावरच्या औषधाच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक शहरभर फिरत होते. महिना संपायच्या आत वर्ध्यातल्या एका कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं आणि सात हजारांच्या आसपास विकली जाणारी कुपी बाराशे रुपयांत देण्याची घोषणा झाली. जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. अनेकांचा डोळा गेला, जबडा गेला, जीव गेला. पण एवढं मात्र सिद्ध झालं की सरकारने मनावर घेतलं तर बुरशीचा रोग मोजता येतो, त्याचं औषध बनवता येतं आणि ते जिल्ह्याजिल्ह्यात पोचवताही येतं.

त्याच हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात दुसरी एक बुरशी माणसांच्या छातीत वाढते आहे आणि ती कुणी मोजत नाही. ती चेहरा विद्रूप करत नाही. ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षं फुप्फुस पोखरते. खोकला, धाप, वजन उतरणं, संध्याकाळची कणकण आणि एखाद्या दिवशी खोकल्यातून येणारं रक्त, एवढीच तिची लक्षणं. ही सगळी क्षयाचीही लक्षणं असल्यामुळे तिची नोंद क्षयाच्या खात्यावर होते आणि उपचारही क्षयाचेच होतात. फुप्फुसातली ही जुनाट बुरशी आपल्याकडे दुर्मीळ नाही. तिला दुर्मीळ ठरवलंय ते आपल्या नोंदवहीने. आणि ही चूक सगळ्यात जास्त भोवते ती धुळीत काम करणाऱ्या, एकदा क्षय होऊन गेलेल्या मजुराला, असं माझं ठाम मत आहे.

पानिपत म्हटलं की मराठी माणूस 14 जानेवारी 1761 पाशी थांबतो. काला आंबचं स्मारक पाहून झालं की त्याची बस परत दिल्लीच्या रस्त्याला लागते. आजच्या पानिपतशी आपला संबंध मात्र रोजचा आहे, अगदी अंगावर पांघरण्याइतका. हिवाळ्यात आपल्या गावच्या बाजारात रस्त्याकडेला पाल ठोकून जी स्वस्त ब्लँकेटं विकतात, थंडीत आणि पुरात संस्था जी वाटतात, त्यांतली पुष्कळशी पानिपतची असतात. सोलापुरी चादरीची नक्कल पानिपतात होते ही सोलापूरच्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. अमेरिका-युरोपातल्या लोकांनी टाकून दिलेले स्वेटर, कोट, पाटलोणी कांडला बंदरात उतरतात. भारतात कुणी ते पुन्हा अंगात घालू नयेत म्हणून त्यांतले बरेचसे आधीच चिरलेले असतात. ही गाठोडी ट्रकने पानिपतला येतात आणि तिथे त्यांचं पुन्हा सूत होतं. या धंद्याला शॉडी म्हणतात. तो जन्मला इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये, 1813 च्या सुमारास, बॅटली नावाच्या गावी. आज तो जगात कुठे सर्वांत मोठा असेल तर पानिपतात.

या कामाची पहिली पायरी बायकांची. शेडमध्ये रंगारंगांचे ढीग असतात, लाल, निळे, करडे, काळे. ढिगाशेजारी बाई जमिनीवर बसते, पुढ्यात आपल्या विळीसारखं उभं पातं. कोट त्यावर ओढायचा, अस्तर वेगळं, बाही वेगळी, शिवण उसवायची, चेन काढायची, बटणं तोडायची, लेबल फाडायचं. प्रत्येक ओढीला कापडातून बारीक लव उडते. कुठल्या देशातल्या कपाटात, कुठल्या गोदामात, कुठल्या जहाजाच्या पोटात तो कपडा किती महिने दमट पडला होता, हे तिला कसं कळणार? ती तोंडावर ओढणी गुंडाळते, तेवढंच तिचं संरक्षण. पुढे या चिंध्या खिळ्यांच्या ढोलात जातात. तिथे त्यांचे तंतू होतात, तंतू पिंजले जातात, मग सूतकताई, मग माग. पिंजणाच्या खात्यात दिव्याभोवती सुद्धा तंतूंचा धुरळा दिसतो. मेघना गुप्ता यांच्या 'अनरॅव्हल' या 2012 च्या लघुपटात पानिपतच्या या बायका दिसतात. परदेशातले लोक इतके कपडे का टाकत असतील याचे त्या आपापल्या परीने तर्क करतात. तो लघुपट ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो पुन्हा एकदा बघावा, या वेळी चिंध्यांकडे नाही तर हवेकडे लक्ष देऊन.

यॉर्कशायरच्या डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकातच 'शॉडी फीवर' माहीत होता. चिंध्या फाडणाऱ्या कामगारांना धुळीने येणारा ताप, खोकला, छाती भरून येणं. तो बुरशीचा संसर्ग नव्हता, धुळीवर शरीराची ती प्रतिक्रिया होती. बुरशीची गोष्ट वेगळी, पण तीही धंद्याशी जोडलेलीच सुरू झाली. 1890 च्या दशकात पॅरिसच्या डॉक्टरांना दोन प्रकारच्या कष्टकऱ्यांच्या फुप्फुसांत एकच बुरशी सापडली. पहिले कबुतरांना चारा भरवणारे. ते दाणे आपल्या तोंडात घेऊन पक्ष्याच्या चोचीत सोडत. दुसरे माणसांचे कापलेले केस विंचरून साफ करणारे. केसांचा तेलकटपणा जावा म्हणून ते त्यावर राय नावाच्या धान्याचं पीठ टाकत आणि दिवसभर ते पीठ हुंगत. ती बुरशी होती ॲस्परजिलस फ्युमिगेटस. आणि त्याच्याही अर्धशतक आधी, 1842 मध्ये, एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी माणसाच्या फुप्फुसात बुरशी वाढत असल्याचं जे वर्णन केलं, तो रुग्ण क्षयाचा होता. धूळ, क्षय आणि बुरशी या तिन्हींचं नातं वैद्यकाला पावणेदोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. पानिपतात ही तिन्ही एका छताखाली आहेत.

ॲस्परजिलस काही परग्रहावरून येत नाही. शेणखतात, कुजणाऱ्या पाल्यात, ओल्या गवताच्या गंजीत, कुबट भिंतीवर, दमट कापडात ती असतेच. तिचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जाईल इतका बारीक. आपण सगळेच रोज शेकड्यांनी हे बीजाणू ओढतो आणि आपल्याला काही होत नाही. श्वासनलिकांतले केसाळ पेशींचे थर काही बाहेर ढकलतात, उरलेले फुप्फुसातल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. ही व्यवस्था मोडलेली असेल तिथेच बुरशी मुक्काम करते. कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसात ती दिवसांत पसरते, अवयवरोपण झालेल्यातही पसरते. दम्याच्या काही रुग्णांत शरीर तिच्याशी वेगळ्याच तऱ्हेने भांडतं. त्यात ॲलर्जीने श्वासनलिका सुजतात, रुंदावतात, घट्ट तपकिरी बेडके पडतात. त्याला एबीपीए म्हणतात आणि आपल्याकडे हे रुग्णही हटकून क्षयाच्या गोळ्या खाऊन मग खऱ्या निदानापाशी पोचतात. एचआयव्हीबरोबर येणारे न्यूमोसिस्टिस आणि क्रिप्टोकॉकस निराळे, त्यांच्यात मी इथे शिरत नाही. पानिपतच्या संदर्भात मला बोलायचं आहे ते क्षय बरा झालेल्या फुप्फुसाविषयी.

क्षय बरा होतो तेव्हा जंतू मरतात, फुप्फुस पूर्ववत होत नाही. जिथे क्षयाने मांस खाल्लेलं असतं तिथे पोकळी राहते, विशेषतः वरच्या भागात. या पोकळीला रक्ताचा पुरवठा नीट नसतो, भक्षक पेशी तिथे पुरेशा पोचत नाहीत, साफसफाईची यंत्रणा तिथे उरलेली नसते. हवा मात्र येत राहते आणि हवेबरोबर बीजाणू. एखाद्या बीजाणूला तिथे जागा मिळते. मग तंतू वाढतात, मेलेले तंतू, कफ, रक्त यांचा गोळा होतो. सीटी स्कॅनमध्ये हा गोळा पाहिला की विसरता येत नाही. काळ्या पोकळीत एक करडा गोळा आणि त्याच्या वर हवेची चंद्रकोर. रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन घेतला तर गोळा जागा बदलतो, चंद्रकोर दुसरीकडे जाते. गाठ अशी हलत नाही, क्षयाचा व्रणही हलत नाही. कधी गोळा होतच नाही, पोकळीच्या भिंती तेवढ्या जाड होत जातात, एकीच्या दोन पोकळ्या होतात. त्या भिंतीतल्या नाजूक रक्तवाहिन्यांतली एखादी फुटली की तोंडावाटे रक्त येतं, कधी चमचाभर, कधी जीव जाईल इतकं.

हे किती जणांना होतं? ब्रिटिश क्षयरोग संघटनेने 1960 च्या दशकात याचं उत्तर शोधलं. उपचार पूर्ण झालेले, थुंकी स्वच्छ झालेली, पण अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी राहिलेले 544 रुग्ण त्यांनी तपासले. चौथ्या हिश्श्याइतक्या रुग्णांच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्ध प्रतिपिंडं होती. तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं होतं. हे सगळं ब्रिटनमध्ये, जिथे रुग्ण बरा होऊन चिंध्यांच्या ढिगाशी परतत नव्हता. 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स, चंडीगडच्या पीजीआय आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी मिळून भारतातल्या गंभीर बुरशीरोगांचा अंदाज मांडला. त्यात फुप्फुसाच्या जुनाट ॲस्परजिलोसिसचे रुग्ण सुमारे साडेसतरा लाख धरले आहेत. हा अंदाज आहे, घरोघरची मोजणी नाही, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ज्या देशात वर्षाला 28 लाखांच्या आसपास लोकांना नव्याने क्षय होतो, तिथे एवढी पोकळ फुप्फुसं असणार यात नवल नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली. तिच्यातल्या सर्वांत वरच्या गटात चार बुरशी आहेत आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यांतली एक.

आता एक मजूर डोळ्यांपुढे आणू या. तो बिहारमधून किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून आला, पिंजणावर लागला. तीन वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला, सहा महिने गोळ्या घेतल्या, क्षयरुग्णांच्या नोंदीच्या निक्षय पोर्टलवर त्याच्या नावापुढे उपचार पूर्ण झाल्याचा शेरा पडला. आता पुन्हा खोकला, पुन्हा वजन कमी. थुंकी तपासली, जंतू नाही. जीनएक्सपर्ट ही जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी केली, निगेटिव्ह. एक्स-रेवर मात्र वरच्या भागात सावली आणि पोकळी आहे. डॉक्टरपुढे दोनशे माणसांची रांग. तो काय करेल? "सावली आहे, लक्षणं आहेत, आधी क्षय झालेला आहे", असा विचार करून पुन्हा गोळ्या सुरू करेल. मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. थुंकीत जंतू न सापडणारा क्षय खरोखर असतो आणि तो सोडून दिला तर माणूस मरतो, घरातल्यांनाही लागण होते. पण सहा महिने झाले, सुधारणा नाही, वजन उतरतंच आहे, तरी त्याच गोळ्या किंवा त्यांहून जहाल गोळ्या चालू राहतात. इथे मात्र थांबून विचारायलाच हवं. क्षय नसेल तर काय आहे, हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्या क्षयरोग कार्यक्रमात जवळजवळ नाही. त्या फॉर्मवर एक तर क्षय आहे किंवा नाही. नाही म्हटलं की माणूस कार्यक्रमाच्या बाहेर आणि खासगी दवाखान्याच्या दारात. तिथे दमा म्हणून स्टेरॉइड मिळालं तर बुरशीचं आयतंच फावतं.

याचं निदान करायला फार मोठं काही लागत नाही. तीन महिन्यांहून जास्त लक्षणं, एक्स-रेवर वा स्कॅनवर पोकळी आणि रक्तात ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीजी प्रतिपिंड. ही त्रिसूत्री जमली आणि क्षयाचा जंतू नाही याची खात्री झाली की उपचार सुरू करता येतात. यात अडतं ते रक्ताच्या तपासणीपाशी, आणि त्यामागे आपल्याच एका योग्य निर्णयाची सावली आहे. जून 2012 मध्ये भारत सरकारने क्षयाच्या निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासण्यावर बंदी घातली. त्या तपासण्या भरवशाच्या नव्हत्या, खासगी प्रयोगशाळा त्यांवर पैसे उकळत होत्या, बंदी आवश्यकच होती. पण त्यातून एक समज रुजला की छातीच्या रोगात रक्ताची प्रतिपिंडं बघणं म्हणजे फसवणूक. ॲस्परजिलसच्या बाबतीत नेमकं उलट आहे. इथे थुंकीत बुरशी दिसणं हा कमकुवत पुरावा, कारण ती श्वासाबरोबर कुणाच्याही थुंकीत येऊ शकते, आणि रक्तातलं प्रतिपिंड हा मुख्य पुरावा. फ्रान्समधल्या लिआँच्या एका कंपनीने तर यासाठी पट्टीची चाचणी बनवली आहे. रक्ताच्या नमुन्याचे थेंब टाकायचे, अर्ध्या तासात रेघ उमटते. क्षयासाठी ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र गोव्यात बनलं, त्याला 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आज ते तालुक्यातालुक्यात पोचलंय. ज्या देशाने जंतूचा जनुकीय अंश शोधणारं यंत्र खेड्यात नेलं, त्याला एक रेघ उमटवणारी पट्टी बनवता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

उपचाराबाबत तर हरियाणाला फार दूर जायचंच नाही. या रोगावरचं जगातलं उत्तम काम पानिपतपासून काही तासांच्या अंतरावर, चंडीगडच्या पीजीआयमध्ये झालं आहे. रितेश अगरवाल आणि इंदरपॉल सेहगल यांच्या गटाने इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध सहा महिने द्यायचं की बारा, हे रुग्णांवर पद्धतशीर तपासलं आणि 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतर औषध थांबवलेल्यांत दोन वर्षांच्या आत दर शंभरात 38 जणांचा रोग उलटला, बारा महिने घेणाऱ्यांत दहा जणांचा. दिल्लीतल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये तर फुप्फुसातल्या बुरशींवर कित्येक दशकं संशोधन चालू आहे. ज्ञानाची दोन मोठी केंद्रं दिल्ली-चंडीगड रस्त्याच्या दोन टोकांना आणि मध्ये पानिपत. बस दोन्हीकडे जाते, पण तिथून पानिपतच्या क्षयरोग केंद्रापर्यंत एक कागद येत नाही.

चुकीच्या निदानाने फक्त वेळ जातो असं नाही, खरा उपचारही निकामी होतो. क्षयाच्या गोळ्यांतली रिफाम्पिसिन यकृताला असं चेतवते की इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही, त्याचं प्रमाण जवळपास शून्यावर येतं. एखाद्या सावध डॉक्टरने "क्षयही असेल, बुरशीही असेल, दोन्ही देऊ" असं ठरवलं तर बुरशीचं औषध पोटात जाऊनही न घेतल्यासारखं होतं. इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट शोषली जायला पोटात अन्न आणि आम्ल लागतं, आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर सवयीने एक आम्लपित्ताची गोळी असतेच. दर महिन्याला पगार कापून हे औषध घेणाऱ्या माणसाला यातलं काहीही सांगितलेलं नसतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. आपली क्षयाशी लढाईच संपलेली नाही, औषधांचा तुटवडा होतो, आशाताईंवर आधीच कामाचं ओझं आहे, त्यात बुरशीचा कार्यक्रम कुठे घुसवायचा? मला वाटतं, हा नवा कार्यक्रम नाहीच. ज्याचे उपचार संपले त्याचा शेवटच्या दिवशी एक एक्स-रे काढायचा. पोकळी असेल तर नोंद करायची. नंतर लक्षणं उलटली आणि जंतू सापडला नाही तर रक्ताची ती एक तपासणी करायची. सगळ्या रुग्णांची नव्हे, पोकळी राहिलेल्यांचीच. विनाकारण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिलेल्या क्षयाच्या औषधांचा, त्यातून बिघडणाऱ्या यकृतांचा आणि निक्षय पोषण योजनेतून त्या काळात दरमहा दिलेल्या हजार रुपयांचाही हिशेब मांडा, मग खर्चाचा आक्षेप किती उरतो ते पाहू. क्षयाच्या आकड्यांना धक्का लागेल ही भीतीही काहींना असते. लागू दे. जो क्षय नाही तो क्षयाच्या आकड्यांतून जायलाच हवा, नाहीतर निर्मूलनाची जाहिरात करताना आपण कशाचं निर्मूलन मोजतोय हेच कळणार नाही.

दुसरा भाग कामाच्या जागेचा. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस होता, साखर कारखान्यातल्या चिपाडाच्या धुळीचा बगॅसोसिस होता, सेंद्रिय धुळीने होणारी फुप्फुसाची ॲलर्जिक सूजही होती. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिस झालेल्या दगडखाण कामगारांसाठी स्वतंत्र धोरण केलं. म्हणजे धुळीने फुप्फुस जातं हे कायद्याला मान्य आहे. पण कायदा दार उघडतो ते कागद पाहून. चिंध्या फाडणाऱ्या बाईकडे नेमणुकीचा कागद नाही, ईएसआयचं कार्ड नाही, ती ठेकेदाराकडे किलोच्या भावाने काम करते. तिचं निदान क्षय असं झालं की प्रश्नच मिटतो, कारण क्षय तर गरिबीचा रोग, घरात लागला असेल, गावाहून आणला असेल. मालक मोकळा, ठेकेदार मोकळा. बुरशी म्हटलं, धूळ म्हटलं, तर शेडची हवा तपासावी लागेल, चिंध्या ओल्या ठेवता येणार नाहीत, खिळ्यांच्या ढोलावर धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा लागेल. चुकीचं निदान कुणाच्या सोयीचं आहे हे विचारल्याशिवाय ते इतकी वर्षं का टिकलं हे समजणार नाही. आणि पानिपतला बोट दाखवताना इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आपल्या नजरेआड होता कामा नयेत. तिथल्या मागांच्या खोल्यांतही क्षय होऊन गेलेली फुप्फुसं तंतूंची हवा ओढत आहेत.

एक धोका मात्र निदान सुधारलं तरी राहतो आणि तो शेतातून येतो. हरियाणात गव्हावर पिवळा तांबेरा पडला की प्रोपिकोनाझोलची फवारणी करतात, आणि पानिपत-कर्नालचा पट्टा हा गव्हाचाच. आपल्याकडे नाशिक-सांगलीत द्राक्षावर भुरी आली की याच कुळातली औषधं मारली जातात. इट्राकोनाझोल आणि प्रोपिकोनाझोल दोन्ही अझोल. बुरशीच्या ज्या एका विकरावर ती घाव घालतात ते शेतात आणि फुप्फुसात एकच. मातीतल्या ॲस्परजिलसवर पिढ्यान् पिढ्या अझोल पडलं की त्याला न जुमानणारे वाण उरतात आणि हवेत जातात. ज्याने आयुष्यात बुरशीचं औषध घेतलेलं नाही अशा माणसाच्या छातीतही मग औषधाला दाद न देणारी बुरशी पहिल्याच दिवसापासून असू शकते. अनुराधा चौधरी यांनी दिल्लीच्या चेस्ट इन्स्टिट्यूटमधून 2012 मध्ये भारतातल्या मातीत असे वाण असल्याचं दाखवून दिलं, भातखाचरांत आणि चहाच्या मळ्यांतही. म्हणून पट्टीच्या चाचणीबरोबरच बुरशी वाढवून तिच्यावर कुठलं औषध चालतं हे पाहणारी एक तरी प्रयोगशाळा जवळ हवी. पानिपतसाठी ती कर्नालच्या कल्पना चावला वैद्यकीय महाविद्यालयात का असू नये?

औषधाच्या बाबतीत महाराष्ट्राचा एक जुना धागा इथे आठवतो. 1961 च्या सुमारास पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध वेगळं केलं आणि त्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असं नाव दिलं. सरकारी कारखान्यात, भारतीय शास्त्रज्ञांनी, इथल्या लोकांच्या रोगासाठी औषध शोधायचं, ही कल्पना त्या काळात कुणाला अवघड वाटली नाही. ती उमेद आज कमी झालेली दिसते. बुरशीवर नवं औषध शोधणं जगभरच मागे पडलंय, कारण ज्यांना ते लागतं त्यांच्या खिशात पैसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये काढलेल्या अहवालांतही बुरशीच्या चाचण्या आणि औषधं किती अपुरी आहेत हेच मांडलंय. वर्ध्यातल्या कारखान्याने 2021 मध्ये जे काही आठवड्यांत केलं ते सरकारी घाईमुळे जमलं. जुनाट बुरशीला ती घाई कधीच मिळत नाही. रोज थोडी थोडी मरणारी माणसं एकाच महिन्यात मरत नाहीत म्हणून ती साथ होत नाही.

पानिपतचा मजूर होळीला गावी जातो. कधी परत येतो, कधी लुधियानाला जातो, कधी सुरतेला, कधी भिवंडीला. त्याच्या क्षयाची नोंद संगणकात असते, पण त्याच्या फुप्फुसात उरलेल्या पोकळीची नोंद कुठेच नसते, आणि पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. उपचार संपल्याच्या दिवशी त्याच्या हातात जो कागद पडतो त्यावर शेवटच्या एक्स-रेचा निकाल छापा, पोकळी कुठल्या बाजूला आणि केवढी ते लिहा आणि खाली त्याच्या भाषेत दोन ओळी टाका: पुन्हा खोकला किंवा रक्त आलं आणि थुंकीत क्षय सापडला नाही, तर बुरशीची रक्ततपासणी मागा. हे करायला नवा कायदा लागत नाही, राज्य क्षयरोग अधिकाऱ्याचं एक परिपत्रक पुरतं. सुरुवात हरियाणाने पानिपतपासून करावी आणि महाराष्ट्राने भिवंडीपासून.